मायकेल फॅरडे : पुस्तकबांधणीच्या दुकानातून प्रयोगशाळेत

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने निघणाऱ्या ग्रंथात एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या चरित्राला स्थान कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्यांना शाळेने फारसे काही दिले नाही, पण ग्रंथांनी भरभरून दिले, अशा थोर पुरुषांची नामावळी करावयास बसले, तर मायकेल फॅरडे यांचे नाव तिच्या अग्रभागी घालावे लागेल. सर्वसाधारण वाचक त्यांना विजेचे शास्त्रज्ञ म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या आयुष्याचे आणखी एक अंग आहे. पदार्थांचे गुणधर्म कसे ओळखावेत, ते हाताळताना कोणती दक्षता घ्यावी आणि ही विद्या नवशिक्याला कशी शिकवावी, याचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा आणि साहित्य हा असला, तरी शिकविणे हा व्यवसाय असल्यामुळे फॅरडे यांच्यातील हा शिक्षक त्याला विशेष जवळचा वाटतो. त्याच दृष्टीने हा चरित्रपट येथे मांडला आहे.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन या भागात झाला. वडील जेम्स हे लोहार होते आणि त्यांची प्रकृती नेहमीच नाजूक असे. घरात चार मुले आणि मिळकत तुटपुंजी. १८०१ साली धान्य अतिशय महागले, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तेवढ्यावर त्याला आठवडा काढावा लागे, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. शिक्षण म्हणावे तर लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित, एवढेच. कुटुंब सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. साधेपणा आणि निःस्पृहता हे त्या पंथाचे संस्कार फॅरडे यांनी अखेरपर्यंत जपले.

१८०४ साली मायकेल जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याच्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील दुकानात पोऱ्या म्हणून राहिला. घरोघर वर्तमानपत्रे पोहोचविणे आणि परत आणणे हे त्याचे काम होते. मुलाचा प्रामाणिकपणा पाहून रिबो यांनी पुढच्याच वर्षी त्याला पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले आणि त्याबद्दल घेतली जाणारी रक्कमही माफ केली. दिवसा जी पुस्तके बांधावयास येत, ती रात्री हा मुलगा वाचून काढी. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’चा एक खंड बांधणीला आला, तेव्हा त्यातील विजेवरील लेख त्याने अधाशासारखा वाचला. जेन मार्सेट या विदुषीचे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तक १८०६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या संवादांतून रसायनशास्त्राची मूलतत्त्वे त्यात उलगडून दाखविली आहेत. मायकेलने ते नुसते वाचले नाही. खिशातील चार पैसे जमवून त्याने साधी उपकरणे आणि रसायने आणली आणि पुस्तकातील विधाने स्वतः पडताळून पाहिली. ग्रंथात लिहिलेले प्रत्यक्षात उतरते, हे पाहिल्यावरच त्या शास्त्रावर त्याचा विश्वास बसला. पुढे जगन्मान्य झाल्यावरही फॅरडे मार्सेटबाईंना आपल्या पहिल्या गुरू मानीत आणि आपले नवे निबंध त्यांना आदराने पाठवीत.

१८१० पासून मायकेल जॉन टेटम यांच्या घरी होणाऱ्या शास्त्रीय व्याख्यानांना जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे आणि तो शिलिंग लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट देई. त्याच वर्षी वडील निवर्तले. १८१२ च्या वसंत ऋतूत विल्यम डान्स या गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या अखेरच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळातील इंग्लंडचे सर्वांत लोकप्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. मायकेलने घड्याळावरच्या सज्जात बसून टिपणे घेतली, ती सुवाच्य अक्षरांत पुन्हा लिहिली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि डिसेंबर १८१२ मध्ये नोकरीच्या विनंतीसह डेव्हींकडे पाठविले. पुस्तकबांधणीची कला अशा रीतीने त्याला विज्ञानाच्या दारापर्यंत घेऊन गेली.

ते दार उघडले, तेही एका अपघाताच्या छायेत. १८११ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्यूलाँ या शास्त्रज्ञाने नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा तेलासारखा दिसणारा पदार्थ तयार केला होता. या शोधापायी त्याने एक डोळा आणि हाताची बोटे गमावली होती. १८१२ च्या शरद ऋतूत तोच पदार्थ हाताळताना स्फोट होऊन डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली. काही दिवस त्यांना लिहिता येईना, तेव्हा लेखनिक म्हणून बोलावणे गेले ते फॅरडे यांना. पुढे फेब्रुवारी १८१३ मध्ये तेथील प्रयोगशाळेतील मदतनिसाला भांडणतंट्यामुळे कामावरून दूर करण्यात आले आणि १ मार्च १८१३ पासून फॅरडे त्या जागी रुजू झाले. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहावयास इमारतीच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या.

रुजू झाल्यावर महिना-सव्वा महिन्यातच त्या पदार्थाने नव्या मदतनिसालाही आपला स्वभाव दाखविला. डेव्ही आणि फॅरडे या पदार्थावर पुन्हा प्रयोग करीत असताना एकामागून एक चार स्फोट झाले. त्यांतील सर्वांत भयंकर स्फोटाच्या वेळी फॅरडे यांनी अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत एक लहानशी काचनळी धरली होती. नळीत साडेसात ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम अर्धा ग्रॅम पदार्थ होता. चेहरा नळीपासून फूटभर अंतरावर होता. नळीला बाहेरून लागलेल्या ऊन लुकणाची किंचित उष्णता पोहोचली आणि तेवढ्याने स्फोट झाला. हात झटक्याने उघडला गेला, एका नखाचा तुकडा उडाला आणि बोटे कित्येक दिवस दुखत राहिली. चेहऱ्यावर काचेचा मुखवटा होता, म्हणून डोळे वाचले. काचनळीचे तुकडे एवढ्या वेगाने उडाले, की मुखवट्याच्या काचेवरही त्यांनी घाव केले. हा सारा वृत्तांत फॅरडे यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात, कोणताही कांगावा न करता, मोजमापांसह दिला आहे. किती पदार्थ होता, अंतर किती होते, उष्णता कोठून आली, या गोष्टी त्यांनी प्रथम नोंदविल्या. वेदनेचा उल्लेख मागाहून येतो. पुढील काळातील शिक्षकाचे बीज या पत्रात दिसते.

ऑक्टोबर १८१३ ते एप्रिल १८१५ या काळात फॅरडे डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासाला गेले. वाटेत डेव्हींचा नोकर येऊ न शकल्याने त्यांना काही अंशी खिदमतगाराचे कामही करावे लागले आणि त्यात मानहानीचे प्रसंग आले. परंतु त्या दीड वर्षात त्यांना जे पाहावयास मिळाले, ते एखाद्या विद्यापीठातही मिळाले नसते. पॅरिसमध्ये नव्यानेच सापडलेल्या आयोडिनाची परीक्षा त्यांच्यासमोर झाली. फ्लॉरेन्समध्ये ग्रँड ड्यूकच्या प्रचंड भिंगाने सूर्यकिरण एकवटून डेव्हींनी प्राणवायूत हिरा जाळला आणि त्यातून निघालेला वायू म्हणजे कोळसा जाळल्यावर निघणारा तोच वायू, हे सिद्ध केले. राजमुकुटातील रत्न आणि चुलीतील कोळसा हे मुळात एकच द्रव्य. पदार्थ दिसण्यावर जाऊ नये, त्याचे वर्तन पाहावे, हा धडा फॅरडे यांच्या मनावर कोरला गेला असावा. परतल्यावर त्यांनी डेव्हींना खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्याच्या संशोधनात साहाय्य केले. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असली, तर जाळी उष्णता शोषून घेते आणि बाहेरचा ज्वालाग्राही वायू पेट घेत नाही, हे त्या दिव्याचे मर्म होय. १८१२ साली फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे मेली होती. त्या दुर्घटनेमुळे या संशोधनाला चालना मिळाली होती.

यानंतरचा दहा-बारा वर्षांचा काळ हा रसायनशास्त्रज्ञ फॅरडे यांचा होय. १८२० च्या सुमारास त्यांनी एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. बाटलीत तळाशी थोडा पारा ठेवला आणि बुचाला सोन्याचा वर्ख लटकावून दिला. काही आठवड्यांनी वर्ख पांढरट झाला. पारा नेहमीच्या तपमानालाही वाफेच्या रूपाने वर चढतो, हे त्यावरून दिसून आले. १८२३ मध्ये त्यांनी बंद काचनळीत क्लोरीन हायड्रेट तापविले, तेव्हा नळीत तेलकट थेंब जमले. भेटीस आलेल्या डॉ. पॅरिस यांनी नळी अस्वच्छ असल्याबद्दल त्यांची थट्टा केली. दुसऱ्या दिवशी फॅरडे यांनी त्यांना चिठ्ठी पाठवून कळविले, की ते तेल म्हणजे द्रवरूप झालेला क्लोरीन होता. बंद नळीतील दाबाने वायू द्रवरूप होतो, हे त्यातून निष्पन्न झाले. त्याची किंमतही मोजावी लागली. अशाच एका नळीचा स्फोट होऊन काचा बंदुकीच्या गोळीसारख्या खिडकीतून आरपार गेल्या आणि फॅरडे यांच्या डोळ्यांत काचेचे कण शिरले. सुदैवाने दृष्टी गेली नाही. १८२४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी वायू साठविण्यासाठी त्यांनी रबराच्या पातळ पिशव्या तयार केल्या. आज प्रत्येक जत्रेत दिसणाऱ्या फुग्याचा जन्म असा प्रयोगशाळेत झाला. १८२५ मध्ये तेलापासून काढलेल्या दिव्याच्या वायूच्या गाळातून त्यांनी बेंझिन वेगळे केले. पुढे रंग आणि औषधे यांच्या प्रचंड उद्योगाला हा पदार्थ पायाभूत ठरला.

१८२७ साली फॅरडे यांनी ‘केमिकल मॅनिप्युलेशन’ हा सहाशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी रसायनशास्त्राची पुस्तके पुष्कळ होती, परंतु त्यांत पदार्थ आणि सिद्धान्त यांचे वर्णन असे. हातांनी नेमके काय करावे, हे विद्यार्थ्याला सांगणारे पुस्तक दुर्मीळ होते. फॅरडे यांनी तेच काम अंगावर घेतले. प्रयोगशाळेची मांडणी, तराजू वापरण्याची पद्धत, उष्णता देण्याची साधने, विरघळविणे, गाळणे, ऊर्ध्वपातन, मुशीतील कामे, वायू गोळा करणे, काच वाकविणे, सांधे लुकणाने बंद करणे, अशा एकेका क्रियेला त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले. स्वच्छता हा विषय त्यांनी प्रस्तावनेतल्या उपदेशापुरता न ठेवता त्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. भांड्याला चिकटलेला आधीच्या प्रयोगाचा अंश पुढच्या प्रयोगात खोटी साक्ष देतो आणि प्रसंगी घातही करतो, हे प्रयोगशाळेत वावरणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

या ग्रंथातील आणखी एक प्रकरण गरीब विद्यार्थ्याविषयीच्या कळवळ्यामुळे लक्षात राहते. महागड्या भांड्यांऐवजी साध्या, लहान काचनळ्यांत रसायनशास्त्राचे बहुतेक प्रयोग कसे करता येतात, हे त्यात सविस्तर सांगितले आहे. पदार्थ थोडा लागतो, खर्च थोडा होतो आणि काही बिघडलेच, तर धोकाही त्या मानाने थोडा. उपकरणे विकणाऱ्यांच्या दुकानांपासून दूर राहणाऱ्या नवशिक्याचा विचार ज्याने स्वतः शिलिंग-शिलिंग जमविला, त्याच्याच मनात येणार. नवख्या प्रयोगकर्त्यांसाठी दिलेल्या नियमांत टिपणवहीचा नियम महत्त्वाचा आहे. वही, दौत आणि लेखणी सदैव हाताशी असावी आणि जे दिसले ते डोळ्यांसमोर असतानाच लिहावे, आठवणीवर विसंबू नये, असा त्याचा आशय. १८३० आणि १८४२ मध्ये या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

प्रत्यक्ष अध्यापनही चालूच होते. १८३० पासून सुमारे वीस वर्षे ते वुलिच येथील लष्करी विद्यालयातील उमेदवारांना रसायनशास्त्र शिकवीत. तोफा आणि दारूगोळा यांच्याशी ज्यांचा पुढे नित्य संबंध येणार, अशा तरुणांना पदार्थांचे गुणधर्म समजावून सांगणे हे जबाबदारीचे काम होते. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील शुक्रवारची सायंकालीन व्याख्याने आणि मुलांसाठी नाताळातील व्याख्यानमाला या दोन्ही उपक्रमांना १८२५ च्या सुमारास प्रारंभ झाला आणि फॅरडे त्यांचे प्राण बनले. व्याख्यान ही जन्मजात देणगी आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. त्यांनी वक्तृत्वाचे रीतसर धडे घेतले. आपण घाईने बोलू लागतो, हे ओळखून, सावकाश बोलण्याची आठवण देणारे एक कार्ड ते व्याख्यानाच्या वेळी समोर ठेवीत. वर्गात शिकविणाऱ्या आम्हा सर्वांना ते कार्ड आजही उपयोगी पडावे.

१८३१ मधील विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध आणि त्यानंतरचे विद्युत्-विघटनाचे नियम यांमुळे फॅरडे यांचे नाव अजरामर झाले. आजची जनित्रे आणि रोहित्रे त्याच तत्त्वावर चालतात. तो इतिहास सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही. मात्र याच सुमारास त्यांच्या प्रकृतीने दगा दिला. १८४० च्या आसपास स्मरणशक्ती मंदावली, चक्कर येऊ लागली आणि काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबवावे लागले. पाऱ्याच्या वाफांचा हा परिणाम असावा, असा तर्क पुढे काहींनी केला. तो सिद्ध झालेला नाही. परंतु पाऱ्याची वाफ अदृश्यपणे वर चढते हे ज्याने वर्खावर दाखवून दिले, तोच वर्षानुवर्षे उघड्या पाऱ्याच्या सान्निध्यात काम करीत होता, ही गोष्ट मनाला चटका लावून जाते. पदार्थाचा गुणधर्म कळणे आणि त्याचा शरीरावरील परिणाम कळणे यांत त्या काळी बरेच अंतर होते.

सप्टेंबर १८४४ मध्ये डरॅम परगण्यातील हॅजवेल येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे व मुले मृत्युमुखी पडली. सरकारने चौकशीसाठी फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठविले. फॅरडे स्वतः खाणीत उतरले. चिमूटभर बंदुकीची दारू पेटवून तिचा धूर किती वेगाने वाहतो हे मोजून तेथे हवेचा प्रवाह तपासला जात असे. त्या वेळची एक हकीकत लायेल यांनी सांगून ठेवली आहे. फॅरडे एका पिशवीवर बसले होते आणि जवळच मेणबत्ती जळत होती. दारूचा साठा कोठे ठेवता, असे त्यांनी विचारले, तेव्हा तुम्ही बसला आहात त्याच पिशवीत, असे उत्तर मिळाले. फॅरडे यांचा संताप अनावर झाला. ज्ञान होते, नियम होते, पण सवय नव्हती आणि सवय नसली, म्हणजे ज्ञान निरुपयोगी ठरते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. केवळ वायूच नव्हे, तर उडालेली कोळशाची बारीक धूळही स्फोटाची तीव्रता वाढविते, असा निष्कर्ष दोघांनी अहवालात मांडला. तो अहवाल त्या वेळी खाणमालकांनी फारसा मनावर घेतला नाही. धुळीचा धोका सर्वमान्य होण्यास पुढे अनेक दशके जावी लागली आणि दरम्यान कित्येक खाणींत माणसे मरत राहिली.

प्रयोगशाळेबाहेरही पदार्थ पाहण्याची त्यांची दृष्टी जागी असे. जुलै १८५५ मध्ये टेम्स नदीतून जाताना त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे पाण्यात टाकून पाहिले. ते इंचभरही खाली जाण्यापूर्वी दिसेनासे होत. त्यांनी हे वृत्त ‘टाइम्स’ पत्राला कळविले आणि नदीच्या दुरवस्थेकडे राष्ट्राचे लक्ष वेधले. कागदाचा एक कपटा, एवढेच त्यांचे उपकरण.

१८६० च्या नाताळात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, फॅरडे यांनी मुलांसाठी आपली शेवटची व्याख्यानमाला दिली. विषय होता मेणबत्ती. सहा व्याख्यानांत त्यांनी त्या एका ज्योतीतून अवघे प्राथमिक रसायनशास्त्र उभे केले. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते, जळते ते मेण की त्याची वाफ, ज्योतीचा उजेड काजळीच्या तप्त कणांमुळे कसा पडतो, जळण्यातून पाणी कसे निर्माण होते, हायड्रोजन आणि प्राणवायू यांचे स्वभाव कसे भिन्न आहेत आणि शेवटी मेणबत्तीचे जळणे व माणसाचा श्वासोच्छ्वास यांत साम्य काय, असा हा क्रम आहे. एका व्याख्यानात त्यांनी बंदुकीच्या दारूत लोखंडाचा कीस मिसळून पेटविला. पण तत्पूर्वी मुलांना बजावून ठेवले, की काळजी घेतली तर या वस्तू योग्य रीतीने वापरता येतात, ती न घेतली तर अनर्थ होतो. त्यांनी मुलांना भीती घातली नाही आणि धोका लपविलाही नाही. विल्यम क्रुक्स यांनी संपादित केलेली ही व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि तेव्हापासून ती जगभर वाचली जात आहेत.

या साऱ्या कामात त्यांच्या पाठीशी सार्जंट चार्ल्स अँडरसन हा तोफखान्यातील निवृत्त शिपाई मदतनीस म्हणून जवळजवळ चार दशके उभा होता. सांगितलेले तंतोतंत करणे हा त्याचा गुण. एकदा त्याला घरी जावयास सांगण्याचे राहून गेले, तर तो रात्रभर भट्टी पेटती ठेवून बसला होता, अशी आख्यायिका आहे.

मानमरातबाचा मोह फॅरडे यांना कधी पडला नाही. सरदारकी त्यांनी नाकारली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही दोनदा नाकारले. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हॅम्पटन कोर्ट येथे दिलेले घर मात्र स्वीकारले. पत्नी सेरा यांच्याशी १८२१ मध्ये जुळलेला त्यांचा संसार निपुत्रिक पण अत्यंत सुखाचा होता. २५ ऑगस्ट १८६७ रोजी अभ्यासिकेतील खुर्चीत बसल्या जागी त्यांनी देह ठेवला. हायगेट येथील त्यांची समाधी साधी आहे. दगडावर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा, बाकी काही नाही.

चिमटीत धरलेली नळी फुटून बोटे दुखावली, ते फॅरडे एकवीस वर्षांचे होते. एकोणसत्तराव्या वर्षी तेच फॅरडे मुलांना दारू आणि लोखंडाचा कीस दाखविताना आधी सावध करीत होते. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी काय केले, असे कोणी विचारले, तर जे त्यांना इजा होऊन कळले ते इतरांना इजा न होता कळावे याची सोय त्यांनी केली, असे उत्तर देता येईल. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आज जो विद्यार्थी डोळ्यांवर चष्मा चढवितो, बाटलीवरची चिठ्ठी वाचूनच बूच काढतो आणि निरीक्षण तत्काळ वहीत उतरवितो, तो नकळत त्याच शिकवणीचा वारस असतो.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींच्या व्याख्यानांची ती हस्तलिखित टिपणे, फॅरडे यांनी स्वतः बांधलेल्या पुस्तकाच्या रूपात जपून ठेवलेली आहेत. रिबो यांनी आपल्या दुकानातील पोऱ्याला पुस्तके नुसती बांधू न देता वाचूही दिली, म्हणून ते पुस्तक निर्माण झाले. आपल्या ग्रंथालयाच्या संस्थापकांनी शंभर वर्षांपूर्वी याहून वेगळे काय केले? त्यांनी परमुलखात मराठी पुस्तके जमविली आणि कपाटांना कुलपे न घालता ती वाचकांच्या हाती दिली. त्यांपैकी कोणते पुस्तक कोणाच्या हाती केव्हा पडेल, हे तेव्हा कोणाला सांगता आले नसते, आजही येणार नाही. म्हणूनच दार उघडे ठेवणे आणि फाटलेले पुस्तक वेळीच बांधून घेणे, एवढे काम आपल्या हाती आहे. ते दुसऱ्या शतकातही निष्ठेने चालू राहो.